शिधापत्रिका : एक उपेक्षित साधन

(१)

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, निवाडपत्रें व ताम्रपट यांकडे आपली दृष्टि प्रथम वळते, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या कागदावर लक्षावधि कुटुंबांची चूल अवलंबून राहिली, त्याची गणना साधनांत करण्यास आपण अद्याप कचरतों. हा कागद म्हणजे शिधापत्रिका. ठाण्यांत टेंभी नाक्यासारख्या जुन्या वस्तींत जन्मपत्रिका नसलेलें घर मिळेल. शिधापत्रिका नसलेलें क्वचितच मिळेल. सरकारी कोठारांतील धान्य कोणास द्यावें आणि त्याची पात्रता कोणत्या पुराव्यावर ठरवावी, या पुरातन प्रश्नाचें प्रत्येक काळीं दिलेलें उत्तर अशा कागदांवर उमटलेलें असतें. तें कसें वाचावें, एवढेंच येथें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

(२)

हा प्रश्न नवा नाहीं. दुर्भिक्षांत राजानें प्रजेस बीज व अन्न देऊन अनुग्रह करावा, असें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. बोगरा जिल्ह्यांत महास्थान येथें १९३१ सालीं सांपडलेल्या मौर्यकालीन ब्राह्मी लेखांत संकटकाळीं धान्य देण्याची आज्ञा असून, सुकाळ झाल्यावर कोठार पुन्हा भरावें असेंही त्यांत म्हटलें आहे. महाराष्ट्रांत दामाजीपंतानें मंगळवेढ्याचें कोठार लोकांस खुलें केल्याची कथा तर सर्वश्रुतच आहे. तिचें ऐतिहासिक मूल्य कांहींही असो, लोकमनांतील अपेक्षा ती अचूक सांगते.

पात्रता ठरविण्याच्या दृष्टीनें सर्वांत बोलका कागद म्हणजे छत्रपति शिवाजी महाराजांचें प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास ५ सप्टेंबर १६७६ रोजीं गेलेलें पत्र. सुभेदारानें गांवोगांव फिरावें, कुळंबी गोळा करावे, ज्यास माणूसबळ आहे पण बैल वा दाणे नाहींत त्यास बैलांसाठीं पैका व पोटासाठीं खंडी दोन खंडी दाणे द्यावे, आणि वाढीदिढी न करितां मुद्दल तेवढें, त्यास शक्ति येईल तसतसें, उगवून घ्यावें, असा त्याचा आशय आहे. येथें गरजूनें कचेरींत जावयाचें नाहीं. कचेरीनेंच गरजूकडे जावयाचें आहे. हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

(३)

पुढें दोन शतकांनीं, १८७६–७८ च्या दुष्काळांत, कसोटी उलट झाली. कष्टाचें काम करण्यास जो येईल तोच गरजू, असें धोरण ठरलें. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजी एक रत्तल धान्याची किंमत व वर एक आणा इतकी खालीं आणण्यांत आली. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ठिकठिकाणची हकीकत मिळवून सरकारपुढें मांडली. १८८० च्या दुष्काळ कमिशनच्या अहवालानंतर दुष्काळाचे नियम ग्रथित झाले खरे. पण अन्न ही सरकारची मेहेरबानीच राहिली.

(४)

शहरी शिधावाटपाचा आरंभ महायुद्धांत झाला. मुंबईंत तें २ मे १९४३ पासून सुरू झालें. 'रेशन' हा शब्द लॅटिन भाषेंतून फ्रेंच व इंग्रजी मार्गानें आला. त्याच्या मुळाशीं हिशेबाची कल्पना आहे. आपला 'शिधा' म्हणजे न शिजविलेलें अन्नसाहित्य. त्यांत दानाचा व आतिथ्याचा गंध आहे. 'शिधावाटप' या एका शब्दांत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि व्यवस्थेंतही त्यांचें भांडण मिटलेलें नाहीं.

संग्राहकांनीं एक खूण ध्यानांत ठेवावी. ठाणें शहराची पत्रिका मुंबई–ठाणें शिधावाटप क्षेत्रांतील असून तेथील अधिकार शिधावाटप नियंत्रकाकडे जातो. त्याच जिल्ह्यांतील मुरबाड किंवा शहापूर तालुक्याची पत्रिका तहसीलदाराकडून मिळते. टेंभी नाक्यावरील कुटुंबाची पत्रिका व मुरबाडकडील त्याच्या भाऊबंदांची पत्रिका शेजारीं ठेविली असतां केवळ शिक्क्यावरून दोन राज्ययंत्रें ओळखतां येतात.

(५)

१९९७ पर्यंत धान्य बहुतेक सर्वांस मिळे. त्या वर्षीं जूनपासून दारिद्र्यरेषेखालील व वरील असा भेद झाला. महाराष्ट्रांत १ मे १९९९ पासून पत्रिकेस तीन रंग आले. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असल्यास पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, आणि त्याहून अधिक असल्यास शुभ्र. पिवळ्या पत्रिकेच्या अटींत घरीं दूरध्वनि नसावा, चारचाकी वाहन नसावें, अशीं कलमें होतीं. त्या काळीं श्रीमंती कशावरून ओळखीत, याचा याहून विश्वसनीय पुरावा भावी संशोधकास क्वचितच मिळेल. शुभ्र पत्रिकेवर स्वस्त धान्य मिळत नसे. तरीही निवासाचा पुरावा म्हणून लोकांनीं ती जपली. शिध्याचा कागद अशा रीतीनें ओळखीचा कागद झाला.

(६)

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें मेहेरबानीच्या जागीं हक्क आणला. महाराष्ट्रांत तो १ फेब्रुवारी २०१४ पासून अमलांत आला. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो, व प्राधान्य कुटुंबास माणशीं ५ किलो धान्य ठरलें. तांदूळ ३, गहूं २ व भरड धान्य १ रुपया किलो असा दर होता. १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य दिलें जातें. अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख मानावी, हें कलमही मोलाचें आहे. पूर्वीच्या पत्रिकांवर बहुधा पुरुषाचें नांव आढळतें, नव्यांवर आजीचें वा आईचें. प्राधान्य कुटुंबासाठीं वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरांत ५९,००० व खेड्यांत ४४,००० रुपये ठरविण्यांत आली.

पण येथेंच एक ग्रंथि आहे. राज्याची लाभार्थिसंख्या ७ कोटींच्या आसपास बांधून दिलेली आहे, आणि तिचा आधार २०११ ची जनगणना. म्हणून पात्रता असणें व यादींत नांव असणें या दोन भिन्न वस्तु झाल्या. रंग केशरी, उत्पन्न मर्यादेच्या आंत, तरी प्राधान्याचा शिक्का नाहीं, अशा पत्रिकेचा अर्थ 'गरज नव्हती' असा करणें ही इतिहासाची दिशाभूल होईल. आतां दुकानांत यंत्रावर अंगठा टेंकवावा लागतो. ज्या हातांच्या रेषा कष्टानें झिजल्या, त्यांची ओळख यंत्रास पटत नाहीं. दुसरीकडे, स्थलांतरित मजुरास परगांवींही आपलें धान्य उचलतां येतें, ही सोय पूर्वीं नव्हती. १६७६ च्या पत्रांत अधिकारी गांवीं जात होता. आतां निदान पत्रिका तरी माणसाबरोबर चालूं लागली, असें म्हणतां येईल.

(७)

यापुढें पत्रिका यंत्रांतूनच निघणार. हातानें भरलेलीं पानें, दुकानदाराच्या नोंदी, नवीन सुनेचें नांव चढविल्याचे व मृताचें कमी केल्याचे शेरे, हें सर्व लवकरच दुर्मिळ होईल. तरी संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, रंग, वर्ष, शिक्का, दुकानाचा क्रमांक व शेरे यांची टांचणें करून जुन्या पत्रिका जपाव्या; जिवंत माणसांचीं नांवें मात्र प्रसिद्ध करूं नयेत. आणि शेजारीं कोणी पात्र असूनही यादीबाहेर राहिलें असेल, तर त्याचा अर्ज लिहून द्यावा. मोडी वाचणाऱ्या हातास हें अवघड नाहीं. आणि साधनांचा अभ्यास करणाऱ्यानें ज्यांच्याकडून साधनें घेतलीं त्यांचें तेवढें ऋण फेडणें उचितच होय.