जुन्या गाडीला इलेक्ट्रिक वॉटर पंप : आधी डायनामो बघा
मंचेरियल : मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात मंचेरियल ते चंद्रपूर पट्ट्यात जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी रेल्वे फाटकावर उभी राहिली की काटा लाल पट्टीकडे सरकतो. या गाड्यांचा वॉटर पंप इंजिनच्या बेल्टवर फिरतो. इंजिन सावकाश, तर पाणीही सावकाश. त्याच शाफ्टवरचा पंखाही मंदावतो.

इलेक्ट्रिक पंप बॅटरीवर चालतो. इंजिनच्या वेगाशी त्याला देणेघेणे नाही. इंजिन बंद केल्यावरही तो काही मिनिटे पाणी फिरवू शकतो.

खरी गोम विजेची आहे. पंप साधारण ७ ते १० अँपिअर घेतो. इलेक्ट्रिक पंखा लावला तर त्याचा भार वेगळा. जुना डायनामो भर वेगात जेमतेम २० ते २२ अँपिअर देतो, मंद इंजिनावर जवळपास काहीच नाही. म्हणजे पंपाची गरज असते नेमकी तेव्हाच सगळा भार एकट्या बॅटरीवर. म्हणून आधी अल्टरनेटर, मग पंप.

पंप रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये, जमेल तितका खाली बसवावा. हवा अडकत नाही. स्वतंत्र फ्यूज आणि रिले हवाच. पंप बंद पडला तर लगेच कळावे म्हणून तापमानाचा इशारा दिवाही लावावा. नाहीतर हेड गॅस्केट जाते.

मात्र खर्च करण्यापूर्वी रेडिएटर साफ करून बघा. पुष्कळदा दुखणे तिथेच असते. आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.