बिल्ल्याच्या नंबरापासून युनियनपर्यंत

२० डिसेंबर १९०६ रोजी ‘डोरिक’ जहाज होनोलुलूच्या बंदराला लागलं. त्यातून पंधरा फिलिपिनो मजूर उतरले आणि ओलाआच्या उसाच्या मळ्यावर रवाना झाले. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांच्यामागून सुमारे सव्वा लाख माणसं हवाई बेटांवर आली. या कंत्राटी मजुरांना सकादा म्हणतात.

त्यांना आणण्यामागे मळेवाल्यांचा हिशेब होता. आधी चिनी आणि मग जपानी मजुरांवर मळे चालत. पण जपानी एकजुटीने संप करू लागले आणि अमेरिका-जपान समझोत्यामुळे त्यांची आवकही आटली. फिलिपिन्स मात्र १८९८ पासून अमेरिकेच्याच ताब्यात होतं. तिथून माणसं आणायला आडकाठी नव्हती. १९०९ मध्ये ओआहू बेटावर जपान्यांचा मोठा संप झाला आणि इलोकोस, विसाया भागांत भरतीला जोर आला. भरती करणारे आधी तळहात तपासत. हाताला घट्टे असतील तर माणूस पसंत. शिकलेला दिसला तर नापसंत.

मळ्यावर प्रत्येकाला ‘बांगो’ मिळे, म्हणजे नंबर कोरलेला धातूचा बिल्ला. पगार त्या नंबरावर, दुकानातली उधारी त्या नंबरावर. काही मळ्यांवर वंशानुसार बिल्ल्याचा आकारही वेगळा असे. वस्त्या वेगळ्या, मजुरीचे दर वेगळे; एकाच कामाला फिलिपिनोंच्या पदरात जपान्यांपेक्षा कमी पडे. एका गटाने संप केला की दुसरा गट कामावर यावा, यासाठीच ही सगळी रचना.

फिलिपिनो कामगार पुढारी पाब्लो मानलापित यांनी ही रचना ओळखली होती. १९२० मध्ये ओआहूवर फिलिपिनो आणि जपानी दोघेही संपावर गेले. मजुरी ७७ सेंटवरून सव्वा डॉलर करा, ही मागणी. इन्फ्लुएंझाची साथ सुरू असतानाच हजारो माणसांना वस्त्यांतून हुसकावण्यात आलं आणि संप मोडला. १९२४ मध्ये फिलिपिनो एकटेच लढले. ९ सप्टेंबरला काउआई बेटावर हनापेपे इथे १६ संपकरी आणि ४ पोलीस ठार झाले. मानलापित यांना तुरुंगात धाडण्यात आलं.

१९४६ मध्ये मळेवाल्यांनी आणखी सुमारे ६,००० सकादा आणले. पण या खेपेला गोदी कामगारांच्या युनियनचे कार्यकर्ते खलाशी म्हणून जहाजावरच होते. बेटावर पाय ठेवण्याआधीच अनेकजण सभासद झाले. १ सप्टेंबरला फिलिपिनो, जपानी, पोर्तुगीज सगळे मिळून संपावर गेले. ३४ पैकी ३३ मळे थंडावले. संपकऱ्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. जेवणासाठी कुणी मासे धरून आणले, कुणी भाजी पिकवली. ७९ दिवसांनी मळेवाले नमले. मजुरी वाढली. घर, औषधपाणी मालकाच्या मेहेरबानीवर चालायचं, त्याऐवजी रोख वेतन आलं.

हवाईतला शेवटचा मोठा साखर कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. त्याच्या आदल्याच वर्षी २० डिसेंबर हा कायद्याने ‘सकादा दिन’ ठरला. त्या दिवशी सकादांच्या घामाचे गोडवे गायले जातात, ते योग्यच आहे. पण त्यांचं खरं देणं घामापेक्षा मोठं आहे. इतरांचे संप फोडण्यासाठी ज्यांना आणलं, त्यांनीच इतरांच्या खांद्याला खांदा लावून संप जिंकला. सकादांची आठवण काढायची, तर ती या एकजुटीसाठी काढावी.