साखरेचा गलेफ

न्यूमोनियाचा एक जंतू आहे, न्यूमोकोकस. त्याच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं जाड वेष्टन असतं. पुस्तकी मराठीत त्याला संपुट म्हणतात. मला 'गलेफ' जवळचा वाटतो. उर्दूतला गिलाफ आपल्या दर्ग्यांत येऊन गलेफ झाला, काम मात्र तेच, झाकण्याचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, पण गलेफवाला त्यांच्या पकडीत येत नाही. गलेफ नसेल तर तोच जंतू जवळजवळ निरुपद्रवी.

१९२३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी दाखवलं की हे वेष्टन प्रथिनाचं नाही, साखरेचं आहे. शरीर शत्रू ओळखतं ते प्रथिनावरून, असा तेव्हाचा समज. त्यामुळे बऱ्याच जणांना ते पटेना.

१९२८ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी उंदरांना दोन प्रकारचे जंतू एकत्र टोचले: गलेफ नसलेले जिवंत, आणि गलेफवाले पण उष्णतेनं मारलेले. उंदीर मेले. त्यांच्या रक्तात गलेफवाले जिवंत जंतू सापडले! मेलेल्यांनी जिवंतांना गलेफ विणायची विद्या दिली होती. ती विद्या म्हणजे डीएनए, हे एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये सिद्ध केलं. ग्रिफिथ ते पाहायला उरले नव्हते. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात ते गेले. एव्हरींना नोबेल मिळालं नाही, ही गोष्ट मला अजून खटकते.

याच साखरेपासून लसही झाली. पण पेनिसिलीन आलं आणि डॉक्टरांना लस नकोशी झाली. न्यूमोनिया संपला, असंच सगळे धरून चालले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी रुग्णांच्या नोंदी काढून दाखवलं की आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत मरणाऱ्यांना पेनिसिलीन फारसं वाचवत नाही. त्यांच्या लसीची परीक्षा झाली दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत. तिथे गावाकडून आलेले तरुण काळे मजूर वर्णभेदाच्या राजवटीत दाटीवाटीनं राहत आणि न्यूमोनियानं मरत. लस उपयोगी ठरली. १९७७ मध्ये अमेरिकेत तिला परवाना मिळाला. ऑस्ट्रियन यांचं नाव इतिहासात आहे, मजूर मात्र तक्त्यातले आकडे होऊन राहिले.

दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसती साखर लक्षात ठेवत नाही. ती प्रथिनाला जोडून द्यावी लागते. ही युक्ती एव्हरींच्याच प्रयोगशाळेत १९३० च्या सुमारास सापडली होती, पण न्यूमोकोकसची तशी लस अमेरिकेतल्या बाळांना मिळायला २००० साल उजाडलं. भारतात सरकारी लसीकरणात ती २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर आली. दहा प्रकारांच्या गलेफांविरुद्धची एक लस आपल्या पुण्यातही बनते. बाळाच्या लसीकरण कार्डावर सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या रकान्यांत 'पीसीव्ही' लिहिलेलं असतं. ती हीच.