काळे, किशोर शांताबाई

(१९७०–२००७). मराठी आत्मकथनकार, डॉक्टर आणि सामाजिक कार्यकर्ते. जन्म सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात नेरले या गावी, कोल्हाटी समाजात. आई शांताबाई तमाशात नाचत असत. काळे यांनी वडिलांऐवजी आईचेच नाव लावले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून ते एम.बी.बी.एस. झाले.

महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत कोल्हाट्यांची नोंद डोंबाऱ्यांबरोबर आहे. दोरीवरच्या आणि बांबूवरच्या कसरती हा त्यांचा जुना व्यवसाय; पुढे स्त्रिया तमाशात आणि संगीतबारीत उतरल्या. सोलापूर जिल्ह्यातले मोडनिंब संगीतबारीसाठी प्रसिद्ध आहे. नाचणाऱ्या मुलीचे लग्न होत नसे. एखादा धनिक पैसे मोजून तिचा ‘चिरा’ उतरवी आणि मर्जी असेपर्यंत तिला सांभाळी. मुले आजोळी वाढत. बाप-भाऊ तिच्या कमाईवर जगत. भावांच्या बायका मात्र घरंदाज म्हणून घरातच राहत.

‘कोल्हाट्याचं पोर’ (ग्रंथाली, १९९४) या आत्मकथनात काळे यांनी हा व्यवहार घरातून पाहिलेला आहे. शांताबाईंना शिकून शिक्षिका व्हायचे होते. वडिलांनी त्यांच्या पायांत चाळ बांधले. पुढे त्या एका आश्रयदात्याकडे राहायला गेल्या आणि मुलगा आजोळी मागे राहिला. आजोळी राबावे लागत असतानाही त्याने शाळा सोडली नाही. आईविषयीची ओढ आणि तिने टाकल्याचा राग हे दोन्ही पुस्तकात शेजारी शेजारी नांदतात.

भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांना मराठीत आधीच मान्यता मिळाली होती. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला १९८१चा, तर लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या दोन्ही पुस्तकांचा मुख्य रोख गाव, पोलीस आणि जातपंचायत यांच्यावर होता. काळे यांनी आपल्या समाजातल्या पुरुषांना आणि फडावर दौलतजादा उधळणाऱ्या प्रतिष्ठितांना एकाच वेळी जाब विचारला. लावणीच्या कौतुकात झाकली जाणारी ही बाजू पुस्तकामुळे मराठी वाचकांसमोर आली. २०००मध्ये पेंग्विनने त्याचा इंग्रजी अनुवाद ‘अगेन्स्ट ऑल ऑड्स’ या नावाने प्रसिद्ध केला (अनुवाद संध्या पांडे). तमाशा-कलावंत स्त्रिया, जात आणि लैंगिक शोषण यांच्या अभ्यासात या आत्मकथनाचा आधार घेतला जातो.

‘हिजडा एक मर्द’ या कादंबरीत त्यांनी तृतीयपंथीयांचे जगणे हाताळले. २००७ साली अपघाती निधन झाले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती.

१ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. काळे यांनी आईच्या नावासह आपले पुस्तक प्रसिद्ध केले, त्याला तोवर तीस वर्षे झाली होती.