पामर, विल्यम
(१७८०–१८६७). निजामाच्या सैन्यातील अधिकारी व पुढे हैदराबाद येथील सावकारी पेढीचा संस्थापक. पुणे दरबारातील इंग्रज रेसिडेंट जनरल विल्यम पामर व फैज बख्श या कुलीन मुस्लिम स्त्रीचा हा मुलगा. लष्करी सेवा सोडून त्याने १८१४ मध्ये विल्यम पामर अँड कंपनी ही पेढी काढली. ब्रिटिश प्रजाजनांनी संस्थानिकांना कर्ज देण्यास कायद्याने मनाई होती. तथापि १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने पेढीस खास परवानगी दिली. वऱ्हाडातील घोडदळाचा पगार पेढीने आगाऊ द्यावा व त्याबद्दल तिला महसूल लावून द्यावा, अशी व्यवस्था झाली. १८२० मध्ये रेसिडेंट झालेल्या चार्ल्स मेटकाफने पेढीच्या जबर व्याजास हरकत घेतली. १८२३ मध्ये कंपनी सरकारने उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामास द्यावयाची वार्षिक पेशकश १,१६,६६,६६६ रुपये एकरकमी देऊन कायमची सोडविली व त्यातून पेढीचे देणे भागविले. तरीही १८२४ मध्ये पेढी बुडाली. उत्तरायुष्यातही पामरच्या औदार्याची व आदरातिथ्याची ख्याती टिकून होती. त्याचा जावई, लेखक मेडोज टेलर याने आत्मचरित्रात त्याविषयी आदराने लिहिले आहे.

फौजेचा पगार कर्जाने भागविण्याची रीत मात्र थांबली नाही. पुढे पेस्तनजी या पारशी पेढीकडेही वऱ्हाडातील परगणे तारणादाखल गेले. अखेर हैदराबाद कंटिंजंटच्या थकलेल्या पगारापायी १८५३ च्या तहाने अमरावती-अकोल्यासह वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पामरच्या पेढीचे महत्त्व या घटनाक्रमाच्या आरंभी आहे.