पत्रे, साप आणि ‘असलेच पाहिजे’

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने न्यायनिवाडे वाचावेत असे कुणी सांगितले, तर आपल्याकडे ते विनोदाने घेतले जाते. परंतु मराठवाड्याशी नाते असलेले दोन निवाडे असे आहेत की, संहिता कशी वाचावी, न लिहिलेले किती गृहीत धरावे आणि मौनाचा अर्थ कोणी लावावा, हे प्रश्न त्यांत एखाद्या समीक्षाग्रंथापेक्षा अधिक निकडीने उभे राहतात. कारण तेथे वाचन चुकले तर माणूस फासावर जातो, किंवा बाईच्या मरणाचा जाब विचारायला कुणी उरत नाही.

पहिला निवाडा ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा. मंजुश्री मूळची बीडची. फेब्रुवारी 1982 मध्ये विवाह होऊन ती पुण्यास आली, आणि चारच महिन्यांनी, 11 व 12 जूनच्या दरम्यानच्या रात्री, सासरच्या घरी तिचा मृत्यू झाला. कारण पोटॅशियम सायनाइड. या चार महिन्यांत तिने माहेरी बहिणीला व मैत्रिणीला काही पत्रे लिहिली होती. एकटेपण, पतीची उपेक्षा, मनाची कोंडी यांनी ती भरलेली होती. आणि आईवडिलांना यातले काही कळून दुःख होऊ नये, ही काळजीही त्यांत होती. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला मृत्युदंड सुनावला, मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. या न्यायालयांना पत्रांत छळ दिसला, आणि छळात खुनाचा हेतू.

सर्वोच्च न्यायालयात आरोपीची बाजू राम जेठमलानी यांनी मांडली. बचावाने पत्रे नाकारली नाहीत, हे येथे महत्त्वाचे आहे. बचावाने तीच पत्रे पुन्हा वाचली. इतकी हळवी, इतकी खचलेली स्त्री स्वतःचाच जीव घेईल ही शक्यता या ओळींतून पुसली जाते काय? 17 जुलै 1984 रोजी न्या. फझल अली यांनी मुख्य निकालपत्र दिले; ती शक्यता पुसली जात नाही, असे न्यायालयाने मानले आणि आरोपी सुटला. विष आरोपीच्या ताब्यात होते हेही सिद्ध झाले नव्हते. मृत मुलीवरील मायेपोटी जवळचे नातलग नकळत अतिशयोक्ती करतात, तेव्हा त्यांच्या साक्षी सावधपणे तोलाव्यात, असेही निकालपत्रात आले आहे. हे वाक्य पटते, आणि पटूनही बोचते. कारण बंद घरातले दुःख नातलगांवाचून दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

पत्रे पुराव्यात घ्यावीत की नाही, यावरच न्यायमूर्तींत एकमत नव्हते. पुरावा अधिनियमाच्या कलम 32 नुसार मृत व्यक्तीचे स्वतःच्या मृत्यूच्या कारणाविषयीचे वा परिस्थितीविषयीचे कथन ग्राह्य ठरते. फझल अलींनी या कलमाचा अर्थ व्यापक लावला, न्या. वरदराजन यांना मात्र पत्रांतील मजकूर मृत्यूच्या घटनेशी जोडलेला वाटला नाही. लेखनाचा त्याच्या संदर्भाशी संबंध किती दूरवर मानावा, हा वाद आपल्याकडेही जुनाच आहे.

याच निकालाने परिस्थितिजन्य पुराव्याचे पाच निकष एकत्र मांडले. कायद्याच्या वर्गांत त्यांना ‘पंचशील’ म्हणतात. त्यांची मुळे 1952 च्या ‘हनुमंत’ खटल्यात आहेत. पहिल्या निकषात 1973 च्या ‘शिवाजी साहेबराव बोबडे’ या महाराष्ट्रातल्याच खटल्याचा दाखला आहे: आरोपी दोषी ‘असू शकेल’ आणि दोषी ‘असलाच पाहिजे’ यांतील अंतर फार मोठे आहे. एका क्रियापदाच्या रूपावर आयुष्य तोललेले असावे, हे व्याकरण शिकवणाऱ्यांनी तरी वर्गात सांगायला हरकत नाही. आरोपीने दिलेली खोटी सबब ही पुराव्याच्या साखळीतील आणखी एक कडी होऊ शकते, तुटलेली साखळी तिने जोडता येत नाही, हेही येथेच पक्के झाले. आज पत्नीच्या मृत्यूचा आरोप असलेल्या पतीचा वकील, मग तो लातूरचा असो की लंडनहून शिकून आलेला, परिस्थितिजन्य पुराव्यावर बोलू लागला की सुरुवात बहुधा येथूनच करतो.

आणि तरीही मंजुश्री हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते दुसऱ्याच वाटेने. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी 1982 मध्ये नारी समता मंच उभारला. ‘मी एक मंजुश्री’ हे त्यांचे पोस्टर प्रदर्शन गावोगाव फिरले. म्हणजे एकाच स्त्रीच्या मृत्यूतून आरोपीच्या बचावाचा पाया आणि स्त्री चळवळीची हाक, दोन्ही निघाली. यांपैकी एकीला खरी आणि दुसरीला खोटी ठरवण्याची घाई मला करवत नाही. एवढे मात्र नोंदवले पाहिजे की, 1982 मध्ये नवऱ्याचा क्रूरपणा हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. भारतीय दंड संहितेत कलम 498-अ आले ते डिसेंबर 1983 मध्ये. त्यामुळे सारा भार खुनाच्या आरोपावर पडला. खून सिद्ध झाला नाही, आणि पत्रांतल्या दुःखाला कायद्यात जागाच उरली नाही.

दुसरा निवाडा नांदेड जिल्ह्यातला, ‘त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. घटना 1996 ची, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑक्टोबर 2006 चा. टेम्पो घेण्यासाठी माहेरून पंचवीस हजार रुपये आण, हा तगादा. आणि एके दिवशी माहेरी निरोप गेला की मुलीला साप चावला. शेतात राबणाऱ्या मराठवाड्यात यापेक्षा विश्वसनीय कथा कोणती? शवविच्छेदनात सर्पदंश आढळला नाही. मृत्यू गळा दाबल्याने झाला होता. येथे पत्रे नव्हती, एक ओळही नव्हती. न्यायालयाने म्हटले ते असे: गुन्हा घराच्या चार भिंतींआड घडला असेल, तर आत काय झाले याचे स्पष्टीकरण देण्याची काही जबाबदारी आतल्या माणसांवर येते, त्यांनी गप्प राहावे वा खोटे सांगावे आणि सुटावे, असे होणार नाही. सिद्ध करण्याचा मूळ भार सरकारपक्षावरच राहिला, पण मौनही आता वाचले जाऊ लागले.

वरवर पाहता 2006 ने 1984 ला छेद दिला असे वाटेल. तसे नाही. आधी परिस्थितीची साखळी, मग स्पष्टीकरणाची अपेक्षा, हा क्रम कायम आहे. बचावाचा वकील पहिला निवाडा पुढे ठेवतो, सरकारी वकील दुसरा, आणि दोन्ही एकाच प्रकरणात लागू पडतात.

498-अ च्या पुढच्या इतिहासाची येथे धावती नोंद पुरे. 2014 च्या ‘अर्नेश कुमार’ निकालाने अटकेची कारणे नोंदवणे पोलिसांना बंधनकारक केले. 2017 मध्ये तक्रारी आधी कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठवण्याचा आदेश झाला, तो 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मागे घेतला. जुलै 2024 पासून हे कलम भारतीय न्याय संहितेच्या 85 व 86 या कलमांत गेले, आणि पुराव्याचे कलम 32 नव्या अधिनियमात 26 झाले. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो, तसाच कोठडीत असलेल्या कुणालाही मिळतो. नांदेड किंवा लातूरच्या प्राधिकरणाच्या एकाच कचेरीत फिर्यादी सून आणि अटकेतला तिचा नवरा, दोघांचेही अर्ज येऊ शकतात.

मंजुश्रीची पत्रे निकालपत्रात इंग्रजी अनुवादात आहेत. बीडला दोन माणसांनी वाचावीत म्हणून ती लिहिली होती. चाळीस वर्षे होऊन गेली, कायद्याचे विद्यार्थी ती दरवर्षी वाचतात.