बायांची पुरुषी नावे

पोलादपुराहून आत डोंगराकडे गेले की उमरठ लागते. तानाजी मालुसऱ्यांचे हे गाव. १६७० च्या फेब्रुवारीत ते सिंहगडावर पडले आणि त्यांचा देह मढे घाटाने उतरवून येथे आणला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी येथेच आहे. तानाजी या नावाची फोड लोक 'तान्हा' या शब्दावरून करतात. आज मात्र आम्हांला तानाजींविषयी नव्हे, तर तानूबाईविषयी बोलावयाचे आहे.

आम्ही कोणी पंडित नव्हे. कामगारांच्या सभासद-याद्या लिहिता लिहिता जे शिकलो, तेवढीच आमची विद्या. त्या याद्यांनी एक गोष्ट शिकविली. मुलीला मुलग्याचे नाव ठेवणे ही आजकालची फॅशन आहे, असे शहरातली मंडळी समजतात. 'किरण' नावाची मुलगी भेटली म्हणजे त्यांना नवल वाटते. परंतु आपल्या आज्या-पणज्यांच्या नावांकडे पाहा. एकाच शब्दाला 'जी' लावले की मुलगा आणि 'बाई' लावले की मुलगी! तानाजी आणि तानूबाई, येसाजी आणि येसूबाई, तुकोजी आणि तुकाबाई, दगडू आणि दगडाबाई, धोंडू आणि धोंडाबाई. व्यंकोजीराजांच्या मातोश्री तुकाबाई होत्या, तर संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई. पंढरीच्या विठोबाचे नाव घेऊन विठाबाई झाल्या. उलट गंगाराम, सीताराम, तुळजाराम हे पुरुष देवींची नावे खुशाल मिरवीत आले. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालत होता.

यांतली दगड-धोंड्यांची नावे ऐकून कोणी हसेल. त्याने आधी त्या नावांचे कारण ऐकावे. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे पुढच्या लेकराला दगड, धोंडा म्हणत. हेतू हा की, मृत्यूला ते टाकाऊ वाटावे आणि त्याने हात लावू नये. आईने काळाशी केलेली ही लबाडी. आता विचार करा, ही लबाडी मुलीसाठीही केली गेली! म्हणजे ती मुलगी जगावी असे कोणाला तरी मनापासून वाटत होते. नाव खडबडीत, पण त्याच्या पोटात माया होती.

शास्त्राला ही नावे रुचली नसती. बायकांची नावे उच्चारायला सोपी, सौम्य, मनोहर आणि मंगल असावीत, त्यांच्या शेवटी दीर्घ स्वर असावा, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. तेथेच, शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असेही आहे. या फूटपट्टीने दगडाबाई नापास. 'बाई'तली ई दीर्घ आहे, एवढाच काय तो नियम पाळला गेला! ती मनुस्मृती उमरठपासून फार दूर नव्हे, महाडला जाळली गेली. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या परिषदेत हे घडले. ठराव मांडणारे गृहस्थ गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. त्या परिषदेच्या नायकाचे नाव भीमराव आणि त्यांच्या मातोश्रींचे भीमाबाई. भीमा ही आपली नदी आहे, हे खरे. परंतु भीम म्हणजे भयंकर, हाही अर्थ कोशात आहेच. आई आणि मुलगा एकाच धातूचे नाव वागवीत होते.

अशा नावांच्या बायांनी काय केले, हेही पाहिले पाहिजे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' पत्र काढले. पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविले. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारणारे ते हेच लोखंडे. विसाव्या शतकाच्या आरंभी, पती वारल्यानंतर, त्याच पत्राचे संपादन सत्यशोधक घरातल्या तानूबाई बिर्जे यांनी केले. मराठवाड्यात दगडाबाई शेळके हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढल्या. परंतु १८९० च्या एप्रिलमध्ये, आठवड्याच्या सुटीसाठी लोखंड्यांनी मुंबईत भरविलेल्या कामगारांच्या सभेत दोन कामगार बाया बोलल्या, त्यांची नावे आम्ही वाचलेल्या एकाही पुस्तकात नाहीत. त्यांचे भाषण झाले, सुटी मिळाली, नावे मात्र गेली.

आता नाण्याची दुसरी बाजू. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्हा. तेथे मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिला 'नकुसा' म्हणण्याची चाल होती. म्हणजे नको असलेली. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात समारंभ होऊन अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. दगडाबाई आणि नकुसा ही दोन्ही नावे कानाला सारखीच टोचतात. पण एकीला जगविण्यासाठी नाव ठेवले, दुसरीला ती चुकून आली हे ऐकविण्यासाठी. म्हणून नाव पुरुषी की बायकी, गोड की कडू, हा प्रश्न दुय्यम होय. ते कशासाठी ठेवले, हा खरा प्रश्न.

हीच कसोटी आजच्या सुशिक्षित घरालाही लावावी. 'ही मुलगी नव्हे, आमचा मुलगाच आहे' असे बाप अभिमानाने सांगतो. त्यात कौतुक आहे. पण माप मुलग्याचेच आहे. इंग्रजांत ईव्हलिन, लेस्ली, बेव्हर्ली ही एके काळी पुरुषांची नावे होती. मुलींना ती ठेवली जाऊ लागली, तशी मुलग्यांना ठेवणे कमी झाले. मुलीने मुलग्याचे नाव घेतले तर ती चढली आणि मुलग्याने मुलीचे घेतले तर तो उतरला, ही समजूत सातासमुद्रांपलीकडेही आहेच.

कामगार बाईला नावाची किंमत पैशांत मोजावी लागते. माहेरचे नाव एक, लग्नात तांदळांत लिहिलेले दुसरे, हजेरीपटावर मुकादमाने लिहिलेले तिसरे. मग भविष्यनिर्वाह निधीचे पैसे मागताना ही तिन्ही माणसे एकच, हे तिने सिद्ध करावयाचे! अशा अर्जांवर आम्ही कितीतरी दिवस घालविले आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्राच्या सरकारी कागदपत्रांत आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम ठरला आहे. कामगार दिनाचा मुहूर्त साधला, हे बरेच झाले. मुलीचे नाव तानूबाई ठेवा, किरण ठेवा, नाहीतर जाई-जुई ठेवा. ते ती हवी आहे म्हणून ठेवा. आणि ज्या नावाने ती पाळण्यात निजली, त्याच नावाने तिला पगार मिळू द्या.